चाळीस वर्षं बिडी ओढणाऱ्या बाबांना व्हेप द्यावं का? आणि बंदी बरोबर की चूक?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमचं गाव शहाद्याजवळ, वडील ६३ वर्षांचे, चाळीस वर्षांपासून बिडी, रोजचा दीड कट्टा, आणि गेले दोन हिवाळे शेताच्या बांधावर चढताना सुद्धा दम लागतोय. भाऊ दुबईला असतो, तो म्हणतो मी दिवाळीला येताना व्हेप, म्हणजे निकोटीनच्या द्रवाची वाफ ओढायची ई-सिगरेट, आणतो, तिकडे लोकं सिगरेट सोडून हेच ओढतात आणि ब्रिटनमध्ये तर सरकारच वाटतं. तुम्ही विचारताय की असं असेल तर आपल्याकडे बंदी कशाला घातली, नियम लावून विकू द्यायला काय हरकत होती, आणि मुख्य म्हणजे बाबांना द्यावं का.

मी जळगावला छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे, २४ वर्षं झाली, आणि माझ्या ओपीडीतले निम्मे पेशंट तुमच्या वडिलांसारखेच असतात. म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आधी बाबांचं. भावाला सांगा आणू नको. पण त्यामागचं कारण "व्हेप बिडीपेक्षा वाईट" हे नाहीये. असं कोणी सांगत असेल, मग तो डॉक्टर का असेना, तर ते चुकीचं आहे आणि त्याने नुकसान होतं, कारण ते ऐकून माणूस म्हणतो सगळंच सारखं वाईट आहे ना, मग आपली बिडीच बरी.

बिडीचं काय होतं ते नीट समजून घ्या. बिडी म्हणजे टेंभुर्णीच्या पानात गुंडाळलेली तंबाखू, त्या पानातून हवा जवळजवळ आत जातच नाही, म्हणून ती सारखी विझते आणि ती पेटती ठेवायला माणूस सिगरेटपेक्षा जास्त वेळा आणि जास्त जोरात ओढतो. तंबाखू कमी असते म्हणून लोकांना वाटतं की सिगरेटपेक्षा सौम्य, पण डांबर आणि कार्बन मोनॉक्साईड दोन्ही भरपूर जातात आणि फिल्टर नावाला पण नाही. माझ्या टेबलावर एक छोटं मीटर आहे, त्यात पंधरा सेकंद श्वास रोखून मग फुंकायचं, श्वासात कार्बन मोनॉक्साईड किती आहे ते आकड्यात दिसतं. न ओढणाऱ्याचा आकडा साधारण पाचच्या आतबाहेर असतो. मागच्या जानेवारीत अमळनेरकडचे एक बाबा आले होते, केळीच्या कटाईवर आयुष्य गेलेलं, डाव्या कानावर अर्धी विझलेली बिडी तशीच खोचलेली, त्यांनी फुंकलं आणि आकडा आला ३१. मी मीटर त्यांच्याकडे फिरवलं, म्हटलं हा धूर तुमच्या रक्तात आहे, ऑक्सिजनची जागा अडवून बसलाय. ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "डाक्टरसाहेब, मनी बिडी सुटत नही, आते सवय पडी गयी." त्यांना कळत नव्हतं असं नाही. त्यांनी तीनदा सोडून बघितली होती, एकदा तर वारीला जाताना माळ घालून सोडली होती, महिनाभर टिकली.

तर इथे मुद्दा येतो निकोटीनचा. बिडी ओढली की दहा-वीस सेकंदात निकोटीन मेंदूत पोहोचतं आणि दोनेक तासात त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं, मग परत तलफ. माणसाला बांधून ठेवतं ते निकोटीन. पण त्याला मारतं ते मुख्यतः निकोटीन नाही, मारतो तो जळण्याचा धूर. धुरात सात हजारांवर रसायनं असतात आणि त्यातली सत्तरेक कॅन्सर करणारी. मायकेल रसेल नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने हे १९७६ मध्येच मांडलं होतं की लोक ओढतात निकोटीनसाठी आणि मरतात डांबरामुळे. नुकसान कमी करण्याचा हा जो सगळा विचार आहे ना, तो या एका वाक्यातून निघालाय. निकोटीन सुटत नसेल तर निदान धूर तरी सोडवा. व्हेपमध्ये काही जळत नाही, कॉइल तापते, निकोटीनवालं द्रव वाफाळतं, ते आत जातं. माझ्या मीटरवर नुसतं व्हेप ओढणारा माणूस फुंकतो तेव्हा आकडा न ओढणाऱ्यासारखाच येतो. हे मी स्वतः बघितलंय, आणि हे लपवणारा डॉक्टर पेशंटचा विश्वास गमावतो असं माझं मत आहे.

ब्रिटनचं तुमचा भाऊ म्हणतो ते बऱ्यापैकी खरं आहे. तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये म्हटलं की व्हेपचा दीर्घकाळचा धोका धूम्रपानाच्या ५ टक्क्यांच्या वर जाण्याची शक्यता कमी. या आकड्यावर बरीच भांडणं झाली आणि माझ्या मते ती रास्त आहेत, कारण ही वस्तू बाजारात येऊन वीसेक वर्षच झालीत आणि बिडी-सिगरेटने फुफ्फुसाचा कॅन्सर व्हायला तीस-चाळीस वर्षं लागतात, म्हणजे पूर्ण हिशोब अजून आपल्यासमोर आलेलाच नाही. पण बिडीपेक्षा बरंच कमी नुकसान, इथपर्यंत मी पण सहमत आहे. २०१९ मध्ये इंग्लंडच्या सरकारी धूम्रपान सोडवणूक केंद्रांत ८८६ लोकांवर झालेला अभ्यास आला, त्यात वर्षभराने व्हेप दिलेल्यांपैकी १८ टक्के लोक सिगरेटपासून सुटलेले होते आणि निकोटीनचा गम, कातडीला चिकटवायचा पॅच असं काही दिलेल्यांपैकी ९.९ टक्के. आणि २०२३ मध्ये इंग्लंडने दहा लाख लोकांना व्हेपचा किट द्यायची योजना जाहीर केली.

आता या आकड्याची दुसरी बाजू, जी दुबईचा भाऊ सांगणार नाही कारण त्याला माहीत नसेल. १८ टक्के सुटले म्हणजे ८२ टक्के सुटले नाहीत. आणि जे सुटले त्यांच्यातले ८० टक्के वर्षभरानंतरही व्हेप ओढतच होते, गमवाल्यांमध्ये गम चालू असणारे फक्त ९ टक्के. आणि तिथे प्रत्येकाला आठवड्याला समोरासमोर बसून समुपदेशन मिळत होतं, किमान चार आठवडे. नुसतं हातात यंत्र देऊन सोडलं नव्हतं.

आपल्याकडे काय होतं ते सांगतो. तुमच्यासारख्याच एका घरात मुलाने वडिलांना आणून दिलं. वडील घरात व्हेप आणि शेतात बिडी. सुनेला वास नको म्हणून घरात ते, आणि कटाईच्या वेळी चार माणसात बसले की बिडी. दीड कट्ट्याची एका कट्ट्यावर आली म्हणून घरचे खूश. पण बिडी निम्मी केली म्हणजे धोका निम्मा झाला असं हृदयाच्या बाबतीत अजिबात होत नाही, दिवसाला एकच सिगरेट ओढणाऱ्याचा जादा धोका सुद्धा वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा भरतो. म्हणजे विसाची एकवर आणली तरी फायदा निम्माच. धूर पूर्ण बंद झाला तरच व्हेपचा उपयोग, दोन्ही चालू राहिलं तर खर्च वाढला आणि नुकसान जवळपास तिथेच राहिलं.

म्हणून मी म्हणतो आणू नका. आणि कायदा आहेच. २०१९ च्या १८ सप्टेंबरला वटहुकूम आला, डिसेंबरात त्याचा कायदा झाला, ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण, जाहिरात सगळं बंद. साठवणीला शिक्षा कमी आहे, बाकी सगळ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, परत केला तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. ओढणाऱ्यासाठी वेगळी शिक्षा त्यात लिहिलेली नाही पण बॅगेत घालून परदेशातून आणणं म्हणजे आयातच झाली, भावाने विमानतळावर कशाला तो ताप घ्यायचा.

आता बंदी बरोबर की चूक. इथे मला खूप बोलायचंय.

गेल्या पावसाळ्यात चाळीसगावकडचे एक गृहस्थ आले, बँकेत नोकरीला, सोबत अकरावीतला मुलगा. वडिलांनी रुमालात गुंडाळलेली एक वस्तू टेबलावर ठेवली, मला वाटलं हायलायटर पेन आहे. गुलाबी-निळा रंग, अंगठ्याएवढं, एका टोकाला ओठाला लावायची चपटी जागा, खाली चार्जिंगचं भोक. मुलाच्या कंपासमध्ये सापडलं. नाकाजवळ नेलं तर गोड वास, पिकलेल्या आंब्यासारखा. उलटून पालटून बघितलं, किंमत नाही, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, आत काय काय आहे ते नाही, अठरा वर्षांखालच्यांना नको असं काही नाही, फक्त एका बाजूला बारीक अक्षरात ५ टक्के. आता ५ टक्के वाचून बापाला वाटतं किती कमी आहे. पण ५ टक्के म्हणजे एका मिलीलीटरला ५० मिलीग्रॅम निकोटीन. ब्रिटनमध्ये कायद्याने जास्तीत जास्त २० चालतं. त्या पोराने आयुष्यात एकही बिडी-सिगरेट ओढलेली नव्हती आणि त्याला सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिलं हेच लागत होतं. वर्गात लक्ष लागत नाही, चिडचिड, हात थरथरतात. मी विचारलं कुठून आणलं, म्हणाला मोबाईलवर मेसेज करायचा, एक दादा क्लासच्या बाहेर आणून देतो. त्याला बंदी आहे हे माहीत होतं. वडिलांना नव्हतं.

हा मुलगा डोळ्यासमोर आला की मला वाटतं बंदी शंभर टक्के बरोबर. आणि केळीवाले ते बाबा डोळ्यासमोर आले की वाटतं यांच्यासाठी आपण काय ठेवलंय? दोघांचा प्रश्न एकच धरून चर्चा करतात म्हणून ती कधी मिटत नाही. बंदीवाले त्या पोराबद्दल बोलतात, नियमनवाले त्या बाबांबद्दल, आणि दोघं आपापल्या जागी खरं बोलतात.

बंदी घातली तेव्हाची परिस्थिती बघा. त्या काळात अमेरिकेत हायस्कूलच्या पोरांमध्ये २७.५ टक्के व्हेपवर होते, २०१९ चा आकडा आहे. त्याच वर्षी तिथे व्हेपमुळे फुफ्फुसं निकामी होण्याची साथच आली, फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ लोक ॲडमिट झाले आणि ६८ गेले. नंतर कळलं की बहुतेकांनी गांजाचं तेल घातलेली बाजारातली व्हेपची बनावट काडतुसं (द्रव भरलेल्या नळ्या) वापरली होती आणि त्यात व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेलं होतं, म्हणजे साध्या निकोटीनच्या व्हेपवर तो दोष टाकता येत नाही. पण आपल्याकडे तेव्हा हे चालूच झालं नव्हतं, २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात ई-सिगरेटचं नाव ऐकलेले लोकच ३ टक्के होते. आग लागायच्या आधी पाणी मारलं असा तो निर्णय होता आणि त्यात तथ्य होतं. तेव्हा परवानगी दिली असती तर आज प्रत्येक कॉलेजसमोर दुकान असतं यात मला शंका नाही, कारण विकायची परवानगी देऊन मग वय तपासणारी यंत्रणा आपल्याकडे किती चालते ते आपल्याला माहीत आहे. शाळेपासून शंभर यार्डात तंबाखू विकायची नाही हा कायदा २००३ चा आहे. तुम्ही शिक्षिका आहात, तुमच्या शाळेच्या गेटवरून शंभर यार्ड चालून बघा आणि मला सांगा.

न्यूझीलंडचं उदाहरण नियमनवाले फार देतात, आणि देण्यासारखं आहेच. रोज सिगरेट ओढणारे तिथे २०११-१२ मध्ये १६.४ टक्के होते ते २०२२-२३ मध्ये ६.८ टक्क्यांवर आले, आणि त्यात व्हेपचा वाटा मोठा मानतात. पण त्याच देशात २०२२ मध्ये चौदा-पंधरा वर्षांची दहा टक्के पोरं रोज व्हेप ओढत होती. ब्रिटनने सुद्धा इतकं सगळं करून शेवटी १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी घातलीच, कारण ती रंगीबेरंगी स्वस्त वस्तू पोरांच्या हातात गेली. म्हणजे जिथे इन्स्पेक्टर खरोखर दुकानात जातो तिथे पण हे सांभाळणं जड गेलं.

आणि तरी बंदी म्हणजे काम झालं असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, आपल्या खानदेशात आपण गुटखाबंदी बघितली ना? २०१२ साली महाराष्ट्राने बंदी घातली. आज तेरा-चौदा वर्षं झाली. मुंबई-आग्रा रोडवर, शिरपूरकडे, नवापूरकडे गुटख्याचा ट्रक पकडल्याची बातमी दर थोड्या दिवसांनी येते, एका बाजूला गुजरात एका बाजूला मध्य प्रदेश, रस्ते सगळे उघडे. टपरीवर पान मसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची पुडी वेगळी, दोन्ही फाडून एकत्र केलं की तेच. माझ्या शेजारी बसणारे दातांचे डॉक्टर रोज दोन-तीन पोरं बघतात ज्यांच्या तोंडात तीन बोटं जायला पाहिजेत तिथे एक जात नाही, भाकरीचा घास मोडून मोडून बारीक करून खावा लागतो, वय बावीस-तेवीस. बंदीने काहीच झालं नाही असं मात्र मी म्हणणार नाही. मोठमोठे बोर्ड गेले, लग्नात ताटात पुड्या ठेवायचे ते गेलं, देशात गुटखा खाणारे २००९-१० ला ८.२ टक्के होते ते २०१६-१७ ला ६.८ झाले. पण बंदीने वस्तू दिसेनाशी होते, सवय नाही. भूतानने २००४ मध्ये तंबाखूची विक्रीच बंद केली होती, शेवटी चोरटा माल इतका आला की २०२१ मध्ये कायदा मागे घ्यावा लागला. ऑस्ट्रेलियात व्हेप फक्त औषधाच्या दुकानातून आणि सिगरेटवर प्रचंड कर, तिथे चोरट्या मालावरून टोळ्यांनी दुकानं जाळलीत.

माझा खरा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. बंदी घालताना उरलेलं अर्धं काम आपण केलंच नाही. नुकसान कमी करायचं तर सरळ हिशोब असा पाहिजे की जी वस्तू जास्त मारते ती मिळायला सगळ्यात अवघड आणि महाग, जी सोडायला मदत करते ती सगळ्यात सोपी आणि स्वस्त. आपल्याकडे नेमकं उलटं आहे. बिडी प्रत्येक टपरीवर, प्रत्येक किराणा दुकानात, पहाटे पाचला बस स्टँडवर, उधारीवर सुद्धा. गम मेडिकलवर मागितला तर दुकानदार आधी बघतो, मग आतून शोधून आणतो, आणि त्या पट्टीला बिडीच्या कट्ट्याच्या तीन-चार पट पैसे. कटाईवर जाणारा माणूस रोज आठ-दहा गम कुठून घेईल? त्यात २०२५ च्या सप्टेंबरमध्ये जीएसटी कौन्सिलने ठरवलं की बिडीवरचा कर २८ वरून १८ टक्के करायचा. मला बिडी वळणाऱ्या बायकांच्या पोटाची आणि सातपुड्यात तेंदूपत्ता तोडणाऱ्या आमच्या आदिवासी लोकांची जाणीव आहे, उन्हाळ्यातला तो त्यांचा मोठा आधार आहे, पण त्यांना दुसरं काम द्यायचं सोडून बिडी स्वस्त करणं हा मार्ग मला छातीचा डॉक्टर म्हणून पटत नाही आणि कधी पटणार नाही.

म्हणून माझं मत असं, आणि हे माझं वैयक्तिक आहे, माझेच काही डॉक्टर मित्र मान्य करत नाहीत. दुकानात, टपरीवर, ऑनलाइन व्हेप विकायला बंदी राहू द्या, आणि ती खरोखर राबवा, क्लासच्या बाहेर आणून देणाऱ्या दादापर्यंत पोहोचा. पण ज्याची बिडी गम, पॅच, गोळ्या, समुपदेशन सगळं करूनही सुटत नाही, अशा मोठ्या माणसासाठी तंबाखू मुक्ती केंद्रातून, डॉक्टरच्या देखरेखीखाली, बिनवासाचं, निकोटीन मर्यादित असलेलं, ठराविक महिन्यांसाठी हे द्यायची वाट आज ना उद्या विचारात घ्यावी लागेल. आज ती कायद्यात नाही म्हणून मी कोणालाच देत नाही. पण त्याच्याही आधी गम आणि गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रोज, खंड न पडता, फुकट मिळू द्या. ते आपण धड करून बघितलेलंच नाही, आणि त्याच्या आधीच व्हेपवर भांडतोय.

अजून एक गोष्ट, जी या सगळ्या इंग्लंड-न्यूझीलंडच्या चर्चेत बसत नाही. महाराष्ट्रात धूर ओढणारे त्या २०१६-१७ च्या सर्वेक्षणात फक्त ३.८ टक्के होते आणि तोंडात तंबाखू धरणारे, मशेरी लावणारे २४.४ टक्के. म्हणजे आपला मोठा प्रश्न तोंडातला आहे. व्हेप त्याला काही करत नाही. आणि इथे एक फसवणूक होते. काही लोक स्वीडनचं उदाहरण देतात की तिथे लोक ओठाखाली तंबाखूची पुडी ठेवतात, सिगरेट फार कमी ओढतात आणि फुफ्फुसाचा कॅन्सरही कमी, मग बिडीवाल्याने तंबाखू-चुना धरला तर काय वाईट? ताई, तुमच्या बाबांना हे कोणी सांगितलं असेल तर कृपा करून थांबवा. स्वीडनची ती पुडी वेगळ्या पद्धतीने, नायट्रोसमाइन्स नावाची कॅन्सर करणारी रसायनं कमी ठेवून बनवतात. आपल्या चंचीतल्या तंबाखूत ती कितीतरी जास्त, वर चुना गाल सोलतो, आणि मावा किंवा गुटखा असेल तर सुपारी, जी तंबाखू नसली तरी एकटीच कॅन्सर करते. मी असे पेशंट बघितलेत ज्यांनी दम्यामुळे बिडी सोडली, चार माणसांनी कौतुक केलं, आणि सहा वर्षांनी गालाचा कॅन्सर घेऊन आले. बिडी सोडून तंबाखूचा बार भरणं याला सोडणं म्हणत नाहीत.

आता बाबांसाठी प्रत्यक्ष काय करायचं. आधी फुंकायची टेस्ट करून घ्या, स्पायरोमेट्री म्हणतात, फुफ्फुसात किती ताकद राहिलीय ते कळतं. नंदुरबारला सरकारी दवाखान्यात किंवा धुळ्याला हिरे मेडिकल कॉलेजला विचारा. गेलेली ताकद परत येणार नाही हे मी खरं सांगतो, पण बिडी थांबली की पुढची घसरण मंदावते, ६३ व्या वर्षी सुद्धा. जिल्हा रुग्णालयात तंबाखू मुक्ती केंद्र असतं, तिथे समुपदेशक भेटतो. जाणं जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा टोल फ्री नंबर आहे, बिडीच्या कट्ट्यावर पण छापलेला असतो.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागत असेल तर अवलंबित्व जास्त आहे, अशांना ४ मिलीग्रॅमचा गम लागतो, तो चिठ्ठीवर मिळतो, २ चा बिनचिठ्ठीचा. आणि गम कसा खायचा ते कोणी सांगत नाही म्हणून निम्मे लोक दोन दिवसात सोडतात. च्युइंगम सारखा चघळत बसायचा नाही. आठ-दहा वेळा हळू चावायचा, तोंडात मिरी खाल्ल्यासारखं झणझणलं की थांबायचं आणि गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, झणझण गेली की परत चावायचा, असं अर्धा तास. सारखा चावला तर निकोटीन पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं आणि तलफ तशीच राहते. आणि आधी पंधरा मिनिटं चहा नाही, चहाच्या आंबटपणाने निकोटीन तोंडात शोषलं जात नाही. खानदेशात चहा थांबवणं म्हणजे काय हे मला माहीत आहे, तरी पंधरा मिनिटं थांबायला सांगाच. पॅच पण असतो पण एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे ४४-४५ डिग्रीत घामाने निघून पडतो, शेतात काम करणाऱ्याला मी तो हिवाळ्यातच देतो. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्या आहेत, त्या डॉक्टरनेच ठरवायच्या, फिट येत असेल तर ब्युप्रोपिऑन चालत नाही.

दोन गोष्टींची तयारी ठेवा. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट जातात, चिडतील, भांडतील, ताट सरकवतील, घरात कोणी उलटून बोलू नका. तीन-चार आठवड्यात बरंच शांत होतं. आणि दुसरं जे कोणी मोठ्याने बोलत नाही, बिडीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. निम्म्या लोकांची बिडी परत चालू होते ती या कारणाने, मला पेशंट दार लावून सांगतात. निकोटीन आतड्यांना हलवतं आणि ते बंद झालं की काही दिवस कुंथावं लागतं. रात्री कोमट पाण्यात इसबगोल, सकाळी उठल्या उठल्या दोन ग्लास पाणी, आधीच सुरू करा, सोडायच्या दिवसाची वाट बघू नका. खोकला पण पहिले दोन आठवडे वाढल्यासारखा वाटेल, छाती साफ होताना असं होतं, ते घाबरून "बिडी सोडली म्हणून आजारी पडलो" म्हणतील.

केळीवाल्या त्या बाबांचं सांगायचं राहिलं. गम आणि समुपदेशन, घरात सुनेने केलेली मदत, यावर त्यांनी दोन महिने काढले, मग पोळ्याच्या दिवशी एक ओढली, मग परत चालू झाली. मी ओरडलो नाही, आधीच्या काळात ओरडलो असतो, आणि माझ्या ओरडण्याने किती लोक परत आलेच नाहीत याचं मला आज वाईट वाटतं. ते परत आले, आम्ही गोळ्यांवर सुरू केलं. मागच्या महिन्यात मीटरवर त्यांचा आकडा ४ आला, त्यांनी दोनदा फुंकून खात्री करून घेतली.

तुमच्या बाबांना कधी जळगावला आणलंत तर सकाळी नेहमीची बिडी ओढूनच आणा, घरातून ओरडून उपाशी आणि बिनबिडीचं आणू नका, नाहीतर मीटरवर खरा आकडा येत नाही. आणि खिशातला कट्टा काढून ठेवू नका, तो पण सोबत असू द्या.